सिंकखालचा हात न पोहोचणारा अँगल कॉक : दुरुस्ती कशी करावी

स्वयंपाकघरातील सिंकखाली, भिंतीतून बाहेर आलेल्या पाइपच्या तोंडाशी जो छोटा काटकोनी नळ असतो, त्याला दुकानात आणि प्लंबरच्या बोलण्यात अँगल कॉक म्हणतात. वरच्या नळाचे पाणी हवे तेव्हा तोडता यावे, एवढेच त्याचे काम असते. मात्र वर्षानुवर्षे त्याला कोणी हात लावत नाही. बोअरच्या पाण्यातील क्षार त्याच्या दांड्यावर बसतात, ओट्याखाली मॉड्युलर किचनच्या ट्रॉल्या येतात, पुढे वॉटर प्युरिफायरची नळी त्यालाच जोडली जाते आणि ज्या दिवशी वरचा नळ गळू लागतो त्या दिवशी हा कॉक फिरत नाही, फिरला तर पूर्ण बंद होत नाही आणि मुळात तिथवर हातच पोहोचत नाही, असे तिहेरी संकट उभे राहते. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि असे काम पहिल्यांदाच करणाऱ्या वाचकासाठी हा लेख लिहिला आहे. अशा कामात संपूर्ण कॉक भिंतीतून उपटून काढण्याची गरज बहुतेक वेळा नसतेच, हे आधीच सांगून ठेवतो, कारण त्या उपटण्यातच सगळा धोका असतो.

दोष नेमका कुठे आहे

कोणतेही हत्यार हातात घेण्यापूर्वी कॉक कोरड्या फडक्याने पुसून घ्यावा, टिश्यू पेपरची एक पट्टी करून ती कॉकच्या प्रत्येक सांध्याला टेकवावी आणि कागद कोठे ओला होतो ते पाहावे. पाणी नेहमी खाली ओघळते, त्यामुळे थेंब जिथे लोंबतो तिथेच गळती आहे असे समजणे ही नवख्याची हमखास होणारी चूक असते.

कागद कॉकच्या मुठीमागे, म्हणजे दांड्यापाशी ओला झाला तर दोष आतल्या भरणाचा किंवा रबरी रिंगचा आहे. जुन्या पद्धतीच्या, अनेक फेरे घेणाऱ्या कॉकमध्ये दांड्याभोवती एक लहान नट असतो, त्याला ग्लँड नट म्हणतात. तो पाव फेरा आवळल्यानेच पुष्कळदा ठिबकणे थांबते. वरच्या बाजूला, जिथे लवचिक कनेक्शन पाइप जोडलेला आहे तिथे कागद भिजला तर त्या पाइपच्या टोकातील रबरी वायसर कडक झालेला असतो आणि नवा पाइप लावला की काम संपते. कुठेच गळत नाही, पण कॉक बंद केल्यावरही वरच्या नळातून बारीक धार चालूच राहते, असे असेल तर आतला वायसर किंवा सिरॅमिक चकतीचे कार्ट्रिज, म्हणजे पाणी अडवणारा आतला सुटा भाग, झिजले आहे. केवळ चौथ्या प्रकारात, म्हणजे भिंत आणि कॉक यांच्या मधल्या आट्यांतून (स्क्रूसारख्या चऱ्यांतून) पाणी पाझरत असेल किंवा कॉकच्या अंगालाच तडा गेला असेल, तेव्हाच तो भिंतीतून काढावा लागतो.

भिंतीतून पाझरणारे पाणी कधीकधी चकचकीत फ्लँजच्या, म्हणजे भिंतीवरील गोल झाकणीच्या मागे उतरते आणि बाहेर दिसतच नाही. फ्लँज थोडी पुढे ओढून मागे बोट फिरवून पाहावे.

वाट मोकळी करणे

हात पोहोचत नसताना हात वाकडा करून पाना लावण्याचा हट्ट केल्यास पाना घसरतो आणि नटाचे कोपरे गोल होतात. तसे झाल्यावर सोपे काम अवघड होऊन बसते. म्हणून एकूण वेळेतला निम्मा वेळ जागा मोकळी करण्यात गेला तरी तो वाया गेला असे मानू नये.

सिंकखाली प्युरिफायरची किंवा कचरा दळण्याच्या यंत्राची वायर असेल तर बटण बंद करून प्लग काढून बाहेर ठेवावा. हे पहिले काम आहे आणि ते विसरण्यासारखे नाही. त्यानंतर ट्रॉली काढावी. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलवरची ट्रॉली पूर्ण बाहेर ओढली की दोन्ही बाजूंच्या चॅनेलवर प्लॅस्टिकची एकेक काळी पट्टी दिसते. त्यातली एक वर उचलायची आणि दुसरी खाली दाबायची असते, आणि दोन्ही एकाच वेळी धरून ट्रॉली पुढे ओढली की ती सुटते. बंद पेटीसारख्या ड्रॉवरला खालून, दर्शनी फळीच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांत खटके असतात. ट्रॉली जड असते, त्यामुळे आतली भांडी आधी काढून ठेवावीत.

यानंतर वेस्ट पाइप वाटेत येतो. पन्हळीदार प्लॅस्टिकचा वेस्ट पाइप हाताने बाजूला वाकवता येतो, पण बॉटल ट्रॅप, म्हणजे दुर्गंधी अडवणारे बाटलीच्या आकाराचे भांडे, असेल तर त्याचे नट हाताने सोडवून तो उतरवावा लागतो आणि त्यातले घाण पाणी घेण्यासाठी खाली काहीतरी ठेवावे लागते. कपाटाच्या तळाशी बादली बसत नाही. पसरट परात किंवा घमेले उत्तम. ट्रॅप उतरवल्यावर भिंतीतल्या ड्रेनेजच्या तोंडात फडक्याचा बोळा घालावा, म्हणजे दुर्गंधी आणि झुरळे वर येणार नाहीत आणि हातातून सुटलेला वायसरही आत जाणार नाही.

पुष्कळ ठिकाणी सुताराने कपाटाच्या मागच्या फळीला कॉकपुरतेच छिद्र पाडलेले असते आणि पाना फिरवायला दोन बोटांचीही जागा ठेवलेली नसते. अशा वेळी फळीचे छिद्र चारी बाजूंनी तीन-चार इंच मोठे करून घेणे हाच खरा उपाय आहे. नंतर त्यावर लोहचुंबकावर बसणारे छोटे झाकण लावले की दिसायला वाईट दिसत नाही. ही कापाकापी करताना करवतीचे पाते पाण्याच्या पाइपला लागणार नाही याची खात्री करून घ्यावी. मागे पाइप कुठून जातो ते दिसत नसेल तर फळीचे स्क्रू काढून ती सुटी करूनच कापावी.

शेवटी मोबाइलवर सिंकखालचे तीन-चार फोटो आणि एक छोटा व्हिडिओ काढून ठेवावा. कॉकचे तोंड वर होते की खाली, गरम पाण्याचा पाइप कोणत्या बाजूला होता आणि प्युरिफायरची टी (पाण्याला फाटा देणारा तीन तोंडांचा जोड) कुठल्या क्रमाने लावली होती, हे तासाभराने आठवत नाही.

पाणी खरोखर बंद झाले का

दोन मजले वर टाकी असलेल्या घरात आणि सात मजल्यांच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या घरात हे काम सारखे नसते. पाण्याच्या दहा मीटर उंचीमागे दर चौरस सेंटीमीटरवर साधारण एक किलो दाब येतो. म्हणजे गच्चीवरची टाकी आपल्या ओट्यापेक्षा अठरा मीटर उंच असेल तर जवळजवळ पावणेदोन किलोचा दाब त्या अर्ध्या इंचाच्या तोंडामागे उभा असतो. कॉक हातात आला आणि पाणी चालू असले तर काही मिनिटांतच स्वयंपाकघरभर पाणी पसरते आणि अंगठ्याने ते तोंड फार वेळ दाबून धरता येत नाही.

फ्लॅटचा मुख्य व्हॉल्व्ह बहुधा बाथरूमच्या माळ्यावर, डक्टमध्ये (पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीत) किंवा गच्चीवर टाकीजवळ असतो. स्वयंपाकघराची आणि बाथरूमची लाइन वेगळी असू शकते, आणि काही इमारतींत पिण्याच्या व वापराच्या पाण्याच्या दोन स्वतंत्र लाइन असतात, त्यामुळे एक व्हॉल्व्ह बंद करून भागले असे समजू नये. गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायचा असेल तर त्याच उभ्या लाइनवरच्या शेजाऱ्यांना आधी सांगावे, वॉचमनच्या कानावर घालावे आणि व्हॉल्व्हच्या चाकीला ‘काम चालू आहे’ अशी चिठ्ठी बांधावी. चिठ्ठी हा शिष्टाचार नसून संरक्षण आहे, कारण पाणी गेले म्हणून वर जाऊन व्हॉल्व्ह उघडणारा एखादा तत्पर गृहस्थ प्रत्येक इमारतीत असतो. जुन्या वाड्यांत आणि चाळींत जिथे महापालिकेची लाइन थेट येते आणि मधला व्हॉल्व्हच नसतो, तिथे पाणी जाण्याची वेळ झाल्यावरच काम हाती घ्यावे आणि पाणी येण्याच्या वेळेपूर्वी भरपूर अवधी शिल्लक ठेवावा.

व्हॉल्व्ह बंद केल्यावर सिंकचा नळ पूर्ण उघडावा आणि धार तुटल्यानंतरही पाच मिनिटे तो उघडाच ठेवावा. पाच मिनिटांनी थेंब पडत असतील तर मुख्य व्हॉल्व्हही पूर्ण बसत नाही असे समजावे. थेंब थेंब असेल तर परात ठेवून काम करता येते. बारीक धार असेल तर थांबावे. गरम पाण्याच्या बाजूचा कॉक असेल तर गिझरचे बटण बंद करून पाणी निवू द्यावे.

सामान

अर्ध्या इंचाचा, म्हणजे १५ मिलिमीटरचा अँगल कॉक हे आपल्याकडचे सर्वसाधारण माप आहे. त्याशिवाय एक अॅडजस्टेबल पाना, कॉकचे अंग धरून ठेवण्यासाठी दुसरा पाना किंवा पाइप पाना, टेफ्लॉन टेपची दोन रिळे, जुना दात घासण्याचा ब्रश, टॉर्च आणि छोटा आरसा लागतो. हँडबॅगेतला गोल आरसा भिंतीला टेकवून ठेवला की कॉकची मागची बाजू स्वच्छ दिसते.

यादीत नसलेली, पण मी आग्रहाने सांगेन अशी एक वस्तू म्हणजे अर्ध्या इंचाचा आट्यांचा प्लॅस्टिक प्लग, ज्याला दुकानात डमी म्हणतात. टाइल्स लावण्याच्या काळात पाइपची तोंडे बंद करायला मिस्त्री हीच डमी वापरतात. ती अगदी स्वस्त मिळते, आणि नवा कॉक बसत नाही, दुकान बंद झाले आहे आणि शेजारी पाणी मागत आहेत अशा अवस्थेत टेप गुंडाळून ती भिंतीत बसवली की इमारतीचे पाणी लगेच चालू करता येते.

भिंतीला न छेडता करायची दुरुस्ती

दांड्याजवळ गळणारा किंवा पूर्ण बंद न होणारा कॉक आपल्या जागेवरच दुरुस्त होतो. मुठीवरची छोटी टोपी नखाने किंवा बारीक स्क्रूड्रायव्हरने काढली की खाली स्क्रू दिसतो. तो सोडवून मूठ ओढून घ्यावी. मूठ क्षारांनी चिकटली असेल तर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवलेली चिंधी तिच्याभोवती अर्धा तास गुंडाळून ठेवावी. शौचालय धुण्याचे अॅसिड मात्र कधीही वापरू नये. ते क्रोमचा मुलामा उतरवते आणि पितळही खाते. गंज सोडवणाऱ्या तेलकट फवाऱ्याबद्दलही एक इशारा आहे. भिंतीत पिवळट रंगाचा सीपीव्हीसी पाइप असेल तर पेट्रोलियमयुक्त तेल त्या प्लॅस्टिकला कमकुवत करते आणि कालांतराने त्याला तडे जाऊ शकतात, म्हणून असा फवारा भिंतीकडच्या बाजूला मारू नये.

मूठ निघाल्यावर कार्ट्रिजचा षट्कोनी भाग दिसतो. जुन्या, वायसरच्या कॉकमध्ये तो सोडवण्यापूर्वी दांडा एक-दोन फेरे उघड्या दिशेने फिरवून ठेवावा, नाहीतर आतला वायसर बैठकीवर, म्हणजे ज्या कडेवर तो टेकतो तिच्यावर, दाबला जाऊन अडकतो. आता महत्त्वाची गोष्ट अशी की एका पान्याने षट्कोन सोडवताना दुसऱ्या पान्याने कॉकचे अंग घट्ट धरून ठेवायचे असते. तसे न केल्यास कार्ट्रिजऐवजी कॉकच भिंतीत फिरतो आणि भिंतीतले आटे सैल होतात. अंगावर ओरखडे येऊ नयेत म्हणून पान्याच्या जबड्यात फडके धरावे.

कार्ट्रिज बाहेर आले की ते तसेच खिशात घालून दुकानात न्यावे. वरून सारखी दिसणारी कार्ट्रिजे उंचीत, दात्यांच्या संख्येत आणि फिरण्याच्या दिशेत वेगळी असतात, आणि कंपनीचे नाव सांगून आणलेले कार्ट्रिज बसेलच असे नाही. नवे घालण्यापूर्वी कॉकच्या आतली बैठक ब्रशने आणि फडक्याने पुसावी, कारण वाळूचा एक कण सिरॅमिक चकत्यांच्या मध्ये अडकला तर नवे कार्ट्रिजही गळते. ते हाताने पूर्ण बसवून मग पान्याने जेमतेम पाव फेरा आवळावे.

कॉक भिंतीतून काढताना

मी पहिल्यांदा हे काम केले तेव्हा लांब दांड्याचा पाइप पाना लावून एका दमात जोर दिला. कॉक फिरला, पण त्याच्याबरोबर भिंतीतला एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोडही फिरला, आणि पुढचे दोन दिवस चार टाइल्स फोडून तो एल्बो बदलण्यात गेले. तेव्हापासून मी जोर कमी आणि वेळ जास्त लावतो.

कनेक्शन पाइपचा नट आधी सोडवावा. इथे नवख्याचा गोंधळ होतो तो दिशेचा. कॉकचे तोंड वर असते, नट वरून आवळलेला असतो, आणि आपण जमिनीवर आडवे पडून खालून पाहत असतो. त्यामुळे वरून पाहताना घड्याळाच्या उलट असलेली सोडवण्याची दिशा खालून घड्याळाच्या काट्यांसारखी दिसते. डोके वापरण्यापेक्षा मार्करने नटावरच बाण काढून ठेवावा. मागच्या भिंतीलगत अगदी अडचणीत असलेल्या नटासाठी बेसिनचा उभा पाना मिळतो. त्याच्या लांब दांड्याच्या टोकाचा जबडा आडव्या दिशेत नट पकडतो आणि हात खालीच राहतो.

त्यानंतर कॉकच्या अंगावर पाना लावून तो समोरून पाहताना घड्याळाच्या उलट दिशेने हळू हळू ताणावा. भिंत आणि कॉक यांच्यात एक्स्टेन्शन निपल (कॉक पुढे आणणारा आट्यांचा छोटा नळीचा तुकडा) असेल तर ते दुसऱ्या पान्याने धरावे. पहिल्या प्रयत्नात कॉक सुटला नाही तर थोडा आवळून पुन्हा सोडवावा. या पुढेमागे करण्याने सांध्यात भरलेला जुना सफेदा, सूत किंवा क्षारांचा थर तुटतो. जुन्या लोखंडी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) पाइपात गंजलेले निपल आतच तुटण्याची शक्यता असते. कॉक फिरताना टाइल किंवा फ्लँजमागचे सिमेंट हललेले जाणवले, कटकट आवाज आला किंवा दोन माणसांच्या जोरानेही काही सुटले नाही, तर तिथेच हात थांबवून प्लंबरला बोलवावे. तोपर्यंत कॉक जागेवर शाबूत असतो आणि पाणी चालू करता येते.

नवा कॉक बसवणे

कॉक निघाल्यावर भिंतीतले आटे टॉर्चने पाहावेत, ब्रशने जुना टेप आणि गंज साफ करावा आणि नवा कॉक टेप न लावता हाताने बसवून पाहावा. किमान पाच-सहा आटे आत गेले पाहिजेत. पाइपचे तोंड टाइलच्या पृष्ठभागापासून आत गेलेले असेल तर कॉकचे आटे तिथवर पोहोचत नाहीत. अशा वेळी अर्धा, एक, दीड किंवा दोन इंचांचे पितळी एक्स्टेन्शन निपल मध्ये लावावे. याच कोरड्या चाचणीत मूठ ट्रॉलीला, वेस्ट पाइपला किंवा फळीला घासत नाही ना हेही पाहावे. जागा अडचणीची असेल तर अनेक फेऱ्यांच्या गोल मुठीपेक्षा पाव फेऱ्यात बंद होणारा, छोट्या दांडीचा कॉक घ्यावा. दोन बोटांनी तो बंद होतो आणि दांडीकडे पाहूनच तो उघडा आहे की बंद ते कळते.

आता टेप. कॉकच्या आट्यांचे तोंड आपल्याकडे करून टेप घड्याळाच्या दिशेने गुंडाळावा, म्हणजे कॉक आवळताना तो उलगडत नाही. आपल्याकडचा टेप पातळ असतो, त्यामुळे तो ताणून बारा ते पंधरा वेढे द्यावे लागतात. पहिला आटा मोकळा ठेवावा, म्हणजे टेपचे तुकडे पाण्याच्या वाटेत जात नाहीत. फ्लँज आधी कॉकवर चढवून घ्यावी, नाहीतर सगळे आवळून झाल्यावर ती जमिनीवर पडलेली दिसते. माझ्या बाबतीत असे दोनदा झाले आहे.

कॉक हाताने जितका जाईल तितका आवळावा आणि उरलेला एक-दीड फेरा पान्याने द्यावा. तोंड नेमके वर येईपर्यंत पुढेच फिरवायचे. थोडे पुढे गेले म्हणून मागे फिरवले तर टेपमधली पकड सुटते आणि सांधा गळतो. तोंड नीट येत नसेल तर कॉक काढून, टेप बदलून, दोन वेढे कमी किंवा जास्त करून पुन्हा बसवावा. भिंतीत सीपीव्हीसीचा पितळी आट्यांचा एल्बो असेल तर शेवटचा जोर अगदी बेताचा ठेवावा.

नवा कनेक्शन पाइप जोडण्यापूर्वी कॉकच्या तोंडाला जुना पाइप लावून त्याचे दुसरे टोक परातीत सोडावे, कोणाला तरी मुख्य व्हॉल्व्ह थोडा उघडायला सांगावे आणि एखादा तांब्या पाणी वाहू द्यावे. भिंतीतला गंज आणि टेपचे कण त्याबरोबर निघून जातात आणि वरच्या नळाची जाळी तुंबत नाही. मग नवा कनेक्शन पाइप लावावा. त्याच्या टोकात रबरी वायसर असतो, म्हणून तिथे टेप लावू नये. नट हाताने आवळून पान्याने पाव ते अर्धा फेरा पुरतो. पाइप घट्ट ताणलेला किंवा पिळलेला नसावा. १८ इंचांचा ताणला जात असेल तर २४ इंचांचा आणावा.

पाणी सोडल्यावर

मुख्य व्हॉल्व्ह हळू उघडावा आणि त्या वेळी सिंकचा नळ उघडा असू द्यावा, म्हणजे लाइनमध्ये धरलेली हवा फुसफुसत निघून जाते. नळ बंद केल्यावर पुन्हा टिश्यूची पट्टी घेऊन प्रत्येक सांधा तपासावा : लगेच, पंधरा मिनिटांनी आणि तासाभराने. ओला झालेला सांधा आवळायचा असेल तर आधी पाणी बंद करावे. कॉक चार-पाच वेळा पूर्ण बंद-उघडा करून वरच्या नळाची धार पूर्ण तुटते का ते पाहावे, आणि पुढे दर दोन-तीन महिन्यांनी असेच एकदा फिरवत जावे, म्हणजे क्षार जमून तो पुन्हा अडकत नाही.

ट्रॉली मात्र त्याच दिवशी बसवू नये. रात्री इमारतीतला वापर थांबला की लाइनमधला दाब वाढतो आणि दिवसा न दिसलेली गळती तेव्हा दिसते. कॉकखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवावे. सकाळी ते कोरडे असेल तर बॉटल ट्रॅप जोडून ट्रॉली चॅनेलवर चढवावी.